गावाला आरओ प्लांट द्यावा की टीसीएलचा (क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचा) डबा? सहा लाख आहेत, सल्ला द्या

संत्रा_बाग
नमस्कार मंडळी. मी नागपुरात राहतो, गाव काटोल तालुक्यात. वस्ती दोन हजाराच्या आसपास. गावातून बाहेर पडलेल्या आम्हा पोरांचा एक ग्रुप आहे. कोणी पुण्यात, कोणी बंगलोरला, दोघे-तिघे अमेरिकेत. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून सगळ्यांनी मिळून सहा लाख जमवले. जमले तोवर सगळे गुण्यागोविंदाने होते, आता खर्च कसे करायचे यावर ग्रुपमध्ये महाभारत सुरू आहे.

एक बाजू म्हणते आरओ प्लांट टाका. पाच रुपयांत वीस लिटर पाणी देणारं एटीएम, शेड, वर देणगीदारांची पाटी. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतला एक मित्र आहे. त्याने मायकेल क्रेमर आणि मंडळींचा पेपर ग्रुपवर टाकला. हे तेच क्रेमर, ज्यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून त्यांनी काढलंय की पिण्याच्या पाण्यावर प्रक्रिया केली तर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू साधारण चतुर्थांशाने कमी होतात, आणि खर्चाच्या मानाने हा जीव वाचवायच्या सगळ्यात स्वस्त उपायांपैकी एक आहे. मित्राचं म्हणणं, क्लोरीनवर पैसा लावा, यंत्रावर नको.

सध्याची परिस्थिती: विहीर नाल्याकाठी, तिथून पंपाने टाकीत, टाकीतून नळ. दिवसाआड अर्धा-पाऊण तास पाणी. जलजीवन या सरकारी नळयोजनेची नवी टाकी झाली आहे. टीसीएल टाकतात असं सांगतात. कधी पाण्याला वास येतो, कधी येत नाही. पावसाळा लागला की हगवण, उलट्या, कावीळ यांचे पेशंट वाढतात.

तुम्ही असता तर सहा लाख कुठे लावले असते?

तर्री_जास्त
खुर्ची टाकून बसलो. टीसीएलच्या डब्यावर पाटी कुठं लावसान भाऊ? तुमच्या मित्राचा पक्ष तिथंच हरला.

बेसा_रहिवासी
मी आरओच्या बाजूने. आमच्याकडे बेसा साईडला बरीच वर्षं बोअर आणि टँकरवर काढली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, बादलीला पांढरा थर बसायचा. आरओ लावला तेव्हा कुठे पाणी पिण्यासारखं झालं. माझा साधा प्रश्न आहे. या धाग्यावर येणाऱ्या किती जणांच्या घरी आरओ नाही? स्वतः आरओचं प्यायचं आणि गावच्या लोकांना पावडर टाकलेलं पाणी पाजायचं, वर नोबेलवाल्याचा पेपर दाखवायचा, हे मला काही पटत नाही.

मौदा_एक्सप्रेस
+१ बेसा_रहिवासी.

निवृत्त_पाणीवाला
जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

संत्रा_बाग, सगळ्यात आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, तिथे रासायनिक आणि जैविक दोन्ही तपासण्या करून घ्या. जैविक नमुन्याची बाटली निर्जंतुक केलेली त्यांच्याकडूनच घ्यायची. घरची बिसलेरीची बाटली नेऊ नका, लोक नेतात. रिपोर्ट हातात आल्याशिवाय आरओ की क्लोरीन हा वाद बिनकामाचा आहे, कारण दोन्ही वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. क्लोरीन जंतू मारतं. फ्लोराईड, नायट्रेट, क्षार याला ते हातही लावत नाही. चंद्रपूर, यवतमाळकडे काही गावांत फ्लोराईड आहे, तिथे टीसीएल कितीही टाका, दात पिवळे पडायचे ते पडणारच. फ्लोराईड काढायची स्वस्त पद्धत तर आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात बसवून दिली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरतात, नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. काटोल-नरखेड पट्ट्यात संत्र्याला खत भरपूर पडतं, म्हणून नायट्रेट नक्की बघा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

आता टीसीएल. "टाकतात असं सांगतात" हे तुमचं वाक्य मी नोकरीभर ऐकलं. काम सोपं आहे, कंटाळवाणं आहे. पावडर बादलीत घेऊन थोड्या पाण्यात लेप करायचा, मग बादली भरून ढवळायचं, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायचं. वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि खाली बसलेला चुना फेकायचा. कमीत कमी अर्धा तास टाकीत मुरलं की मग नळ सोडायचे. नंतर शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलं. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी होतं काय, की पावडर तशीच टाकीत भिरकावतात, किंवा पोतं उघडं ठेवून देतात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. आपल्या पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या खोलीत उघडं पोतं राहिलं की क्लोरीन उडून जातं आणि उरतो नुसता चुना. मग रोज इमानदारीने टाकला तरी उपयोग शून्य.

ग्रामपंचायतीला कार्ड कोणतं आहे तेही विचारा. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य खातं स्रोतांचं सर्वेक्षण करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं. पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी.

कळमेश्वर_कट्टा
आमच्या गावाला हिरवं कार्ड आहे आणि विहिरीत बेडूक आहे. दोघंही बरेच वर्षांपासून आहेत.

आकडेमोड
धाग्यात अजून एकही हिशेब नाही म्हणून मी करतो. भाव माझ्या अंदाजाने धरलेत, ज्याला पटत नाहीत त्याने आपले टाकावे.

टीसीएल: माणशी ५५ लिटर (जलजीवनचा निकष), दोन हजार माणसं, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम लिहिलेलं असतं, पण पावसाळ्याचं पाणी आणि शिळी पावडर लक्षात घेऊन पाच ग्रॅम धरू. दिवसाला ५५० ग्रॅम, वर्षाला २०० किलो. चाळीस रुपये किलोने आठ हजार. माणशी चार रुपये. महिन्याला नाही, वर्षाला.

उकळणं: एका घराला पिण्यापुरतं १० लिटर. २५ अंशांवरून १०० वर न्यायला, शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते हे धरून, सुमारे १३५-१४० ग्रॅम गॅस. सिलिंडर नऊशेचा धरला तर रोजचे साडेआठ-नऊ रुपये. वर्षाला साडेतीन सिलिंडर, तीन हजाराच्या वर. "पाणी उकळून प्या" असं पोस्टर लावणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा.

आरओ एटीएम: समजा साडेचारशे घरांपैकी सव्वाशे घरं रोज एक कॅन नेतात. सहाशे-सव्वासहाशे रुपये रोज, वर्षाला सव्वादोन लाख. बसणाऱ्या माणसाचा पगार, वीज, फिल्टर, मेम्ब्रेन (आरओचा गाळणारा पडदा) वजा केलं की जेमतेम बरोबरी. उरलेली सव्वातीनशे घरं जुनंच पाणी पितात. आणि जितकं चांगलं पाणी निघतं तितकंच किंवा जास्त नालीत जातं, हे दिवसाआड नळ येणाऱ्या गावात.

क्रेमरच्या लोकांचं केनियातलं एक काम या न घेणाऱ्या घरांच्या मुद्द्यावर आहे. क्लोरीनची बाटली दुकानात अगदी स्वस्तात ठेवली तरी दहातल्या एखाद्याच घराने नियमित घेतली. तेच क्लोरीन पाणवठ्यावर फुकट डिस्पेन्सरमध्ये ठेवलं, तोटी फिरवली की मापात पडेल असं, तर निम्म्याच्या आसपास घरं वापरायला लागली. किंमत किती हा मुद्दा नाही, किंमत आहे हाच मुद्दा आहे. पाच रुपयेसुद्धा किंमतच झाली.

बेसा_रहिवासी
केनियातल्या पाणवठ्यावरून काटोलच्या नळाचं ठरवायचं का? आमच्याकडे लोक पाच रुपये आरामात देतात. खर्रा चाळीसचा घेतात.

तर्री_जास्त
चाळीसचा खर्रा कुठं भेटते? पत्ता टाका.

पुणेकर_आगंतुक
नागपूरच्या धाग्यात पुणेकराने पडू नये हे मान्य, पण पेपर वाचलाय म्हणून लिहितो.

पहिली शंका. अतिसाराच्या बहुतेक चाचण्यांत आईला विचारतात, "गेल्या आठवड्यात बाळाला जुलाब झाले का?" जिला तुम्ही क्लोरीन फुकट दिलंय ती भिडेपोटी "नाही" म्हणणारच. ओडिशात एक मोठी चाचणी झाली होती, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या, आणि दुसऱ्या गटाला दिसायला तशाच बिनऔषधी गोळ्या. कोणाला काय मिळालं हे कोणालाच ठाऊक नाही. दोन गटांच्या जुलाबात फरक सापडला नाही.

दुसरी शंका. मुलांच्या एकूण मृत्यूंत हगवणीचा वाटा मर्यादित असताना पाणी शुद्ध करून एकूण मृत्यू चतुर्थांशाने कसे घटतात? हिशेब जुळत नाही.

आकडेमोड
@पुणेकर_आगंतुक, शंका रास्त आहेत, पण ओडिशाची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या चाचणीत गोळ्या मिळालेल्या घरांचं पाणी तपासलं तेव्हा जेमतेम एक तृतीयांश नमुन्यांत क्लोरीन सापडलं. म्हणजे बाकीच्यांनी गोळी टाकलीच नव्हती. न घेतलेल्या औषधाने ताप उतरला नाही, एवढंच त्यातून कळतं.

त्याच्या उलट ढाक्याची. तिथे घरच्यांनी काही करायचंच नव्हतं. सामाईक नळाच्या टाकीलाच आपोआप क्लोरीन सोडणारं यंत्र बसवलं, दुसऱ्या गटाच्या यंत्रात व्हिटॅमिन सी. इथेही कोणाला माहीत नाही. २०१९ मध्ये निकाल आला. क्लोरीनवाल्या गटात मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनी कमी. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून बघा. औषध तेच आहे, फरक पडला तो गोळी टाकायची जबाबदारी कोणावर ठेवली याने.

दुसऱ्या शंकेचं उत्तर डॉक्टर लोकांनी द्यावं.

डॉक_हिंगणा
हजर. ही शंका शंभर-सव्वाशे वर्षं जुनी आहे. अमेरिकेत लॉरेन्स गावाने आणि जर्मनीत हॅम्बुर्गने १८९३ मध्ये नदीचं पाणी गाळून द्यायला सुरुवात केली, तेव्हा टायफॉईडने मरणारे कमी झाले हे अपेक्षितच होतं. पण इतर आजारांनी मरणारेही कमी झाले. मिल्स आणि राइन्के या दोघांनी हे वेगवेगळं नोंदवलं, म्हणून त्याला त्या दोघांचं नाव आहे. वारंवार हगवण लागलेलं पोर वाळतं. मग त्याला न्यूमोनिया झाला की ते टिकत नाही. दाखल्यावर कारण न्यूमोनिया येतं, पाणी येत नाही.

पण आकडेमोड, तुमच्या बाजूच्यांनी खूश होऊ नये. "चतुर्थांश" हा आकडा उचलून काटोलला लावता येत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालचा मृत्युदर हजारी २८ होता. त्यातले निम्म्याहून जास्त मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले. कमी वजन, अपुरे दिवस, बाळंतपणातला गुदमर. ते बाळ आईच्या दुधावर असतं, नळाच्या पाण्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. म्हणजे पाण्याने फरक पडू शकेल असे हजारी ११-१२. तुमच्या गावात वर्षाला तीसेक जन्म. म्हणजे तीन वर्षांत एखादा असा मृत्यू. त्यातला चतुर्थांश टळला तर साधारण अकरा-बारा वर्षांत एक पोर वाचेल. वर्षाचा खर्च, माणसाच्या मेहनतान्यासकट, पन्नास हजार धरा. तुमचे सहा लाख संपता संपता एक.

ज्या देशांत आजही हजारात शंभराच्या वर मुलं पाचवा वाढदिवस बघत नाहीत, तिथे याच पैशात कितीतरी जास्त वाचतात. म्हणून ते जागतिक दानशूर आफ्रिकेत डिस्पेन्सर लावतात, काटोलला लावत नाहीत. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर आहे.

अनुजा_धरमपेठ
डॉक, मग तुमचं मत "करू नका" असं आहे का? वाचून अंगावर काटा आला. सहा लाखांत एक पोर.

डॉक_हिंगणा
छे हो. मी आकडा जागेवर ठेवला एवढंच. एक पोर सहा लाखांत स्वस्तच आहे, आयसीयूचं बिल बघितलंय का कोणी?

शिवाय मेलेल्यांच्या मोजणीत न मेलेले दिसत नाहीत. माझ्या ओपीडीत जुलै-ऑगस्टला टायफॉईड, कावीळ यांची रांग असते. चार दिवस सलाईन, पंधरा दिवस अशक्तपणा, तेवढी मजुरी बुडाली, वर खाजगी डॉक्टरचे पैसे. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला झाला तर तो जीवावर बेततो. यातलं बरंचसं पाण्यातून येतं. आणि मृत्युदर हा सरासरीचा आकडा आहे. एखाद्या वर्षी विहिरीत नाला शिरला की सगळं एकदम येतं. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरीला काय झालं ते आठवा. उघड्या विहिरीचं दूषित पाणी प्यायले आणि माणसं दगावली. तिथे कोणाला डॅली-बिली समजावून सांगणार?

मौदा_एक्सप्रेस
डॅली म्हणजे?

आकडेमोड
आजाराने किंवा अकाली मरणाने वाया गेलेलं निरोगी आयुष्याचं एक वर्ष. असं एक वर्ष वाचवायला किती पैसे पडले, यावरून लस, मच्छरदाणी, क्लोरीन यांची तुलना करतात. आणि मग आमच्यासारखे लोक रात्री बारापर्यंत भांडतात.

अनुजा_धरमपेठ
थोडं अवांतर. आमच्याकडे पेंचचं पाणी येतं, गोरेवाड्याला शुद्ध होऊन. भाच्याने मीटर आणला होता, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दोनशेच्या आत-बाहेर. ५०० पर्यंत तर मानकातच चालतं. तरी सोसायटीतल्या एकूण एक फ्लॅटमध्ये आरओ. सेल्समनने दोन ग्लासात तारा बुडवून पाणी पिवळं-काळं करून दाखवलं की संपलं. माझ्या सासूबाई अजून गुंडीत तुरटी फिरवतात, कपड्याने गाळतात, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहेत.

तर्री_जास्त
सासूबाई ठणठणीत राहायचं कारण तुरटी नोहे, सूनबाई. (हलके घ्या.)

निवृत्त_पाणीवाला
तो तारांचा खेळ म्हणजे विजेने लोखंड विरघळतं, त्याचा गंज. पाण्यात क्षार असले की रंग येणारच, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून येत नाही. जंतूंशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुरटीने गाळ बसतो, ते चांगलंच. गढूळ पाण्यात क्लोरीनची ताकद गाळावरच खर्च होते. पण नुसत्या तुरटीवर भिस्त ठेवू नका.

संपादक_मंडळ
सासूबाईंवरील पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात. इथे पाणी.

कुही_माहेर
मी बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते. जलजीवनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यात मी होते. पेटी दिली होती, त्यात छोट्या बाटल्या. त्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ठेवून द्यायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर जंतू आहेत.

मी नळाच्या पाण्याची एक बाटली ठेवली, ती तशीच पिवळट राहिली. माझ्या डोक्यात आलं, नळाचं तर बरोबर आहे, घरातल्या माठाचं बघू. माठातल्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळीकुट्ट. मग आमच्या गल्लीत ज्यांनी भरू दिली त्यांच्या घरच्या भरल्या. शेजारच्या काकू आरओच्या एटीएमवरून कॅन आणत. "आमचं तर विकतचं आहे, आमचं काय पाहतं?" असं म्हणाल्या. त्यांच्या कॅनची पण काळी झाली. कॅनला आतून हिरवा थर होता, बोट फिरवलं तर निघत होता. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण कॅन मात्र त्याच दिवशी निरम्याने घासला.

आणि टीसीएल टाकणाऱ्याचं सांगते. आमच्याकडे जो जलसुरक्षक आहे तोच पंप सुरू करतो, तोच नळ सोडतो, तोच घरपट्टीच्या पावत्या वाटतो. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा. वास आला की लोक त्याच्यावर ओरडतात, चहाला वास येते, भाजीला वास येते. वास नाही आला तर कोणीच काही म्हणत नाही. मग तो काऊन टाकील? मी त्याच्या जागी असते तर मीही नसतं टाकलं.

निवृत्त_पाणीवाला
ताई, तीस वर्षांत एवढं नेमकं कोणत्या आढावा बैठकीत ऐकलं नाही. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरतच नाही, म्हणून कॅनमध्ये किंवा माठात बोट बुडालं की पुन्हा जंतू. नळाच्या पाण्यात ०.२ उरलं असतं तर माठातही थोडा वेळ पहारा राहिला असता.

बेसा_रहिवासी
ठीक, कॅन धुवायला शिकवता येतं. पण मानधन हा सरकारचा प्रश्न आहे. देणगीच्या पैशातून सरकारी माणसाला पगार द्यायचा? उद्या ग्रामपंचायत हात झटकून मोकळी.

कळमेश्वर_कट्टा
बेसा भाऊ, आमच्या इथं देणगीतून आलेला आरओ प्लांट आहे. दोन उन्हाळे चालला. मेम्ब्रेन गेली, तिचे पैसे कोणी द्यायचे यावर ग्रामपंचायत आणि देणगीदार यांच्यात पत्रव्यवहार सुरू आहे. शेडमध्ये बकऱ्या बसतात. शेड मजबूत आहे, हे मात्र कबूल. हात झटकायला यंत्र असलं काय, माणूस असला काय, सारखंच.

डॉक_हिंगणा
यंत्रावर एकच बाजू मांडतो. नायट्रेट खरंच मर्यादेच्या बरंच वर निघालं तर बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांसाठी आरओ किंवा दुसरा स्रोत लागेलच. तिथे बेसा_रहिवासी यांचं बरोबर ठरेल. म्हणून रिपोर्ट.

संत्रा_बाग
रिपोर्ट आला! उशिराबद्दल क्षमा, प्रयोगशाळेत रांग होती.

विहिरीचं पाणी: टीडीएस ६१०, फ्लोराईड ०.६, नायट्रेट ३८. म्हणजे टीडीएस ५०० च्या थोडा वर (दुसरा स्रोत नसेल तर मानकात २००० पर्यंत चालतो), बाकी रासायनिक बाजू मर्यादेत, नायट्रेट काठावर. जैविक: टाकीच्या आधी दूषित, टाकीनंतर दूषित, शेवटच्या घरच्या नळावर दूषित. क्लोरीन तिन्ही ठिकाणी शून्य. स्टोअरमधलं पोतं पाहिलं, कधी उघडलं होतं कोणालाच आठवत नाही. हात घातला तर ढेकळं.

आकडेमोड यांचा हिशेब आणि कुही_माहेर ताईंचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला. कालपासून तीन गोष्टी चर्चेत आहेत. एक, पैसे एफडीत ठेवायचे. सात टक्क्यांनी वर्षाला बेचाळीस हजार. त्यातून जलसुरक्षकाला महिन्याला तीन हजार, शेवटच्या नळावर क्लोरीन सापडलं त्या महिन्यात. मुद्दल तसंच राहतं. दोन, टीसीएल ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या बंधित (पाणी-स्वच्छतेसाठी राखीव) निधीतून घ्यायचं, पोती नाही, झाकणाचे डबे, थोडे-थोडे. तीन, तपासणी जलसुरक्षकाने करायची नाही, गावातल्या पेटीवाल्या बायकांनी करायची, आणि आकडा पाण्याच्या टाकीवरच्या फळ्यावर लिहायचा.

आरओवाले अजून नाराज आहेत. एकाने विचारलं, "मग उद्घाटन कशाचं करायचं?"

आकडेमोड
एफडीची कल्पना आवडली. एक दुरुस्ती. व्याज महागाईबरोबर वाढत नाही, पाच-सात वर्षांनी तीन हजाराला तो माणूस टिकणार नाही. व्याजातले उरलेले सहा हजार दरवर्षी मुद्दलात टाका, तपासणीच्या साहित्याचे पैसे ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारा.

आणि अमेरिकेतल्या मित्रांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय का ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर हरकत नाही. घेतलं असेल तर त्यांचा पैसा एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात परदेशी ठरतो, गावच्या संस्थेच्या साध्या खात्यात घेता येत नाही. सीएला विचारूनच पुढे जा.

पुणेकर_आगंतुक
महिन्याला एकदा तपासून पैसे द्याल तर तो तपासणीच्या दिवशीच टाकेल. तारीख कळू देऊ नका.

कुही_माहेर
तारीख लपत नाही दादा, गाव लहान आहे. त्यापेक्षा पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी तपासा. ओटीला दोन मिनिटं लागतात. ज्या बाईच्या नळावर तपासलं तिलाच फळ्यावर लिहू द्या. आणि सुरुवातीला पावडर एकदम पूर्ण मापात टाकू नका. गावाला वासाची सवय नसते, पहिल्याच दिवशी लोक टाकीवर येतील. थोडी थोडी वाढवत न्या, पण शेवटच्या नळाला पिवळं आल्याशिवाय थांबू नका, आणि तोवर लहान पोरांचं पाणी उकळायला सांगा.

बेसा_रहिवासी
नायट्रेट ३८ म्हणजे उद्या ४६ व्हायला वेळ लागत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, तेव्हा मी परत येतो भांडायला.

संत्रा_बाग
या नक्की. ऑक्टोबरमध्ये नमुना पुन्हा देतोय, रिपोर्ट इथेच टाकेन. एफसीआरएचं बघतो, एकाकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीयच. दुसऱ्याला विचारलं तर म्हणाला, "काऊन विचारून राहिला?"

तर्री_जास्त
उद्घाटनाचं राहिलंच. आमदाराच्या हातून ओटी टेस्ट करून घ्या. पिवळं आलं तर टाळ्या, नाही आलं तर फोटो काढू नका.